निर्दोष सुटले. पण गेलेल्या वर्षांचा हिशेब कोण करणार?

हिशेबनीस | रविवार, रात्री ९:४०

आयुष्यभर लोकांची खाती जुळवली, त्यामुळे कुठलाही आकडा दिसला की हात कॅल्क्युलेटरकडे जातो. कायद्यातलं मला फार कळत नाही. चुकलो तर जाणकारांनी कान धरावेत.

आपल्याच महाराष्ट्रात जून २००३ मध्ये एका शेतवस्तीवर दरोडा पडला, खून झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. सत्र न्यायालयाने सगळ्यांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच कायम केली. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडून दिलं, कारण पुरावाच टिकत नव्हता. महाराष्ट्र सरकारने प्रत्येकाला ५ लाख रुपये द्यावेत असंही सांगितलं.

आता माझी खोड. सोळा वर्षं म्हणजे ५,८४० दिवस. ५ लाखाला भागा. दिवसाला ८५ रुपये आणि वर थोडी चिल्लर.

मग मागे गेलो. बिहारचे रुदुल शाह. जून १९६८ मध्ये कोर्टाने सोडलं, प्रत्यक्षात तुरुंगाबाहेर आले ऑक्टोबर १९८२ मध्ये. सुटल्यावर चौदा वर्षं आत! १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधीचे ५ हजार धरून एकूण ३५ हजार देववले. दिवसाला सात रुपयेसुद्धा पडत नाहीत.

दुसऱ्या टोकाला इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन. १९९४ मध्ये हेरगिरीच्या खोट्या प्रकरणात अटक, पन्नास दिवस कोठडी, १९९६ मध्ये सीबीआयनेच सांगितलं की यात काही नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५० लाख दिले, पुढे २०२० मध्ये केरळ सरकारने १ कोटी ३० लाख आणखी दिले.

कुणाला जास्त मिळाले म्हणून माझं पोट दुखत नाही. पण हे आकडे कुठल्या तक्त्यातून येतात? मोटार अपघातात माणूस गेला तर दावा न्यायाधिकरणाकडे तक्ता असतो. वय २५ पर्यंत असेल तर गुणक १८, २६ ते ३० ला १७, असं उतरत जातं. उत्पन्न घाला, गुणा, उत्तर तयार. सरकारने एखाद्याची सोळा वर्षं चुकून घेतली तर तक्ता कुठला?

सांजवारा | रविवार, रात्री १०:०५

८५ रुपये वाचून पोटात गोळा आला. वाचनखूण साठवली आहे.

कोर्टबेंच | रविवार, रात्री ११:२०

धागाकर्त्यांचा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर फार लहान आहे: तक्ता नाही. तक्ता सोडा, कायदाच नाही.

फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या संहितेत कलम ३५८ होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ३९९ झालं. विनाकारण अटक झाली तर भरपाई. किती? जास्तीत जास्त एक हजार रुपये. तेही सरकारने द्यायचे नाहीत, ज्याच्या सांगण्यावरून अटक झाली त्या माणसाने द्यायचे. कलमाचा नंबर बदलला, हजार तसेच राहिले.

मग वर जे आकडे आले ते कुठून? ते रिटमधून. मूलभूत हक्कांचा भंग झाला म्हणून उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली किंवा सर्वोच्च न्यायालयात ३२ खाली जायचं. रुदुल शाह हा त्यातला पहिला मोठा निकाल. १९९३ मध्ये नीलाबती बेहरा निकालात कोर्टाने स्पष्टच केलं की अशा ठिकाणी सार्वभौम राज्याला हात लावता येत नाही हा बचाव चालणार नाही. ओडिशातल्या त्या आईने कोर्टाला नुसतं पत्र लिहिलं होतं, मुलाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला म्हणून.

हे सगळं चांगलं आहे. पण रिटमध्ये रक्कम ठरते ती त्या दिवशीच्या बाकाच्या मनाने. म्हणून हिशेबनीसांना ७ रुपये, ८५ रुपये आणि लाख रुपये असे तीन दर दिसले. आणि कित्येकांना शून्य. अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये सहा जणांना सोडलं, तपासावर कडक ताशेरे ओढले. त्यातले काही जण भरपाई मागायला गेले. २०१६ मध्ये कोर्टाने नकार दिला. असा पायंडा पडला तर तो घातक ठरेल, असा सूर होता.

तिरकस | सोमवार, सकाळी ७:५०

सकाळी सकाळी विरोधी बाकावर बसतो, शिव्या घ्यायला तयार आहे.

कोर्टाने मला विचारलं असतं तर मीही तेच म्हणालो असतो. आपल्याकडे लोक सुटतात ते काय दरवेळी निर्दोष असतात म्हणून? साक्षीदार फितूर होतो. पंच पलटी खातो. चार्जशीटमध्ये तारीख चुकते. ज्याने खरंच केलं तोही हसत बाहेर येतो आणि तुम्ही वर त्याला चेक द्यायला निघालात. ज्यांच्या घरातला माणूस मेला त्यांना हे कोण समजावणार?

आणि उद्या प्रत्येक सुटकेमागे सरकारला पैसे मोजावे लागणार असतील तर खालच्या कोर्टातला न्यायाधीश सोडताना दहादा विचार करेल. नुकसान कुणाचं? आरोपीचंच.

सांजवारा | सोमवार, सकाळी ८:३०

तिरकस, मग जो खरंच निर्दोष आहे त्याने काय पाप केलं?

तिरकस | सोमवार, सकाळी ८:३४

ते ठरवणार कोण, हाच तर माझा प्रश्न. निकालपत्रात 'निर्दोष' असा वेगळा रकाना नसतो.

गणू_परदेशी | सोमवार, दुपारी २:१५

तिरकस यांचा मुद्दा इंग्रजांनी अगदी कायद्यातच लिहून ठेवला आहे. तिथे १९८८ पासून भरपाईचं कलम आहे. २०१४ मध्ये त्यात बदल केला: शिक्षा रद्द झाली एवढं पुरेसं नाही, तुम्ही तो गुन्हा केलाच नाही हे नव्या पुराव्याने निःसंशय दिसलं पाहिजे. म्हणजे आत टाकताना गुन्हा सिद्ध करायचा सरकारने, आणि पैसे मागताना निरपराध असल्याचं सिद्ध करायचं तुम्ही. परिणाम असा की कायदा आहे, पण पैसे मिळणारे फार थोडे.

आणखी एक किस्सा ऐका, विश्वास बसणार नाही. तिथे भरपाईतून 'राहण्याजेवण्याचा खर्च' कापायचे. चुकून तुरुंगात टाकलेल्या माणसाने बाहेर असता तर भाडं आणि खाणं यावर जे खर्च केले असते, ते वाचले ना, मग वजा करा. २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठाने हेही मान्य केलं होतं. सतरा वर्षं आत काढलेल्या अँड्र्यू माल्किन्सनची शिक्षा २०२३ मध्ये रद्द झाली, डीएनएमुळे. त्याने हा कपातीचा मुद्दा चव्हाट्यावर आणला तेव्हा कुठे सरकारला लाज वाटून ती बंद झाली.

हिशेबनीस | सोमवार, दुपारी २:४०

थांबा. ज्याला डांबलं त्याच्याकडूनच डांबण्याचं बिल? नोकरीत असताना अशी नोंद कुणी माझ्यासमोर आणली असती तर खातेवहीच मिटली असती.

गणू_परदेशी | सोमवार, दुपारी ३:०२

दर ठरवून ठेवलेले देशही आहेत. जपानमध्ये दिवसाला जास्तीत जास्त १२,५०० येन. हाकामादा इवाओ नावाचे बॉक्सर, खुनाच्या आरोपात ४७ वर्षांहून जास्त काळ आत, त्यातला बराचसा फाशीच्या कोठडीत. सप्टेंबर २०२४ मध्ये फेरखटल्यात निर्दोष. २०२५ मध्ये त्यांना २१ कोटी ७० लाख येनांच्या आसपास मिळाले. पूर्ण दराने, एक दिवस न सोडता. कोर्टात भाव करावा लागला नाही. अर्थात ८९ वर्षांच्या, मन पार खचलेल्या माणसाला त्या रकमेचं काय करायचं हे वेगळंच.

जर्मनीत दिवसाला ७५ युरो, २०२० च्या आधी २५ होते. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्यात वर्षाला ५० हजार डॉलर, फाशीच्या कोठडीतल्या वर्षांना १ लाख. टेक्सास वर्षाला ८० हजार देतं आणि वर तहहयात वर्षासन. त्या टेक्सासच्या कायद्याला टिम कोल या विद्यार्थ्याचं नाव आहे. बलात्काराच्या खोट्या आरोपात शिक्षा झाली, १९९९ मध्ये तुरुंगातच दम्याने गेला, दहा वर्षांनी कोर्टाने निर्दोष ठरवलं.

कोर्टबेंच | सोमवार, रात्री ९:१०

गणूसाहेब, उत्तम माहिती. तिरकस यांना आता उत्तर देतो, कारण प्रश्न टाकाऊ नाही.

२०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विधि आयोगाला सांगितलं की यावर विचार करा. आयोगाचा २७७ वा अहवाल ऑगस्ट २०१८ मध्ये आला. त्यांनी 'सुटला म्हणून पैसे' असं म्हटलेलंच नाही. 'चुकीचा खटला' अशी कल्पना त्यांनी मांडली: पोलिसांनी किंवा सरकारी पक्षाने खोटा पुरावा तयार केला, खरा दडवला, दुष्टाव्याने गोवलं, असं काही दिसलं तरच दावा. तो ऐकायला प्रत्येक जिल्ह्यात विशेष न्यायालय. ठराविक मुदतीत निकाल. पैशाबरोबर समुपदेशन, कौशल्य प्रशिक्षण, नोकरीत लागलेला डाग पुसणं. आणि सरकारने ते पैसे जबाबदार अधिकाऱ्याकडून वसूल करावेत, अशीही वाट ठेवलेली. साक्षीदार फितूर झाला म्हणून सुटलेला माणूस यात बसतच नाही.

न्यायाधीश घाबरतील हा मुद्दाही यामुळे उरत नाही, कारण सोडणारा न्यायाधीश वेगळा आणि भरपाई ठरवणारा वेगळा.

मग झालं काय? नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. आयोगाने सुचवलेला भरपाईचा भाग तिच्यात नाही. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या एका फाशीच्या कैद्याला सोडताना सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बोलून दाखवलं की यावर कायदेमंडळाने विचार करायला हवा.

तिरकस | सोमवार, रात्री ९:४५

चुकीच्या खटल्याची ही चाळणी असेल तर माझा विरोध निम्मा झाला. निम्माच. उरलेला असा की पोलिसांनी खोटा पुरावा केला हे सिद्ध करायला पुन्हा पोलिसांचेच कागद लागणार, आणि ते देणार कोण?

कोर्टबेंच | सोमवार, रात्री ९:५८

हा खरा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की प्रत्येक निर्दोष सुटकेनंतर कुणी कुठे चुकलं याची तपासणी करणारी यंत्रणा उभी करा, दोषी अधिकाऱ्यावर कारवाई करा. आदेश आहे. पण इतकी वर्षं कोर्टात उभा आहे, सुटलेल्या माणसाच्या हातात असा चौकशीचा कागद एकदाही पाहिला नाही.

अडाणी_आडनाव | मंगळवार, सकाळी ११:३०

मुंबईच्या लोकलमधले २००६ चे स्फोट विसरलात का? जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने बाराही जणांना सोडलं. एकोणीस वर्षांनी. त्यातला एक तर निकालाच्या आधीच तुरुंगात वारला.

कोर्टबेंच | मंगळवार, दुपारी १२:१०

विसरलो नाही, मुद्दाम टाळलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. तिथे त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देऊ नये असा स्थगितीचा आदेश झाला, सुटलेल्यांना परत आत मात्र पाठवलेलं नाही. प्रकरण तिथे असताना आपण इथे निकाल लावू नये.

अडाणी_आडनाव | मंगळवार, दुपारी १२:१५

मान्य. पण वकीलसाहेब, गंमत बघा, तो मेला त्याचा दावा कोण करणार?

रेवती_ताई | मंगळवार, रात्री ११:४८

दोन दिवस वाचते आहे. लिहू की नको असं चाललं होतं.

माझा थोरला भाऊ. ऑगस्ट २०१४ मध्ये उचलला. एका दरोड्याच्या प्रकरणात सात जण होते, हा आठवा. जामीन तीनदा फेटाळला. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुटला. चार वर्षं दोन महिने. शिक्षा कधी झालीच नाही, म्हणून तुमच्या चर्चेत तो बसतो की नाही माहीत नाही. कच्चा कैदी होता, तेवढंच.

सुटल्यावर काही आठवड्यांनी मुद्देमाल परत घ्यायला बोलावलं. मी बरोबर गेले होते. पिवळट कागदी पाकीट, लाखेचं सील, वर पेनने गुन्हा नंबर. सही घेतली आणि पाकीट दिलं. तिथेच बाकावर बसून उघडलं. पट्टा, बंद पडलेलं घड्याळ, आमच्या आईचा एक छोटा फोटो आणि पाचशेच्या दोन नोटा. जुन्या. २०१६ मध्ये बंद झालेल्या.

तो हसला. चार वर्षांत पहिल्यांदा हसलेला पाहिला मी त्याला. म्हणाला, रेवे, हे बघ, हे पण सुटले, पण चालत नाहीत.

नोकरी गेलीच होती. दुसरीकडे अर्ज केला की चारित्र्य पडताळणीत नाव येतं. निकालाची नक्कल दाखवली की समोरचा शेवटचं पान काढतो आणि 'संशयाचा फायदा देऊन' यावर बोट ठेवतो. एका ठिकाणी तर साहेब म्हणाले, म्हणजे संशय होता ना? यावर काय बोलणार? तिरकस यांनी जे लिहिलं तेच तिथे प्रत्येक टेबलावर ऐकलं आहे. तुमच्यावर राग नाही. खरंच नाही. पण त्याला पैसे नको होते, निदान आधी तरी नको होते. त्याला तेवढी तीन अक्षरी ओळ नको होती.

तीन शब्दांची म्हणायचं होतं. रात्र झाली आहे, चालवून घ्या.

सांजवारा | बुधवार, सकाळी ६:२०

ताई... काय लिहू कळत नाही.

तिरकस | बुधवार, सकाळी ८:१०

रेवतीताई, मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही, कारण फितुरीचा प्रश्न खरा आहे. पण ते लिहिताना समोर तुमचा भाऊ नव्हता, कुणी एक पैसेवाला गुंड होता. तो टेबलावरचा साहेब मीही असू शकलो असतो. हे कबूल करतो.

हिशेबनीस | बुधवार, सकाळी १०:००

ताई, माझ्या हिशेबात एक मोठी चूक झाली ती तुमच्यामुळे दिसली. मी शिक्षा झालेल्यांचेच दिवस मोजत होतो. २०२२ अखेरची सरकारी आकडेवारी काढली: देशात साधारण ५ लाख ७३ हजार कैदी, त्यातले ४ लाख ३४ हजार खटला चालू असलेले. चारातले तीन! यातले बरेच जण पुढे सुटणार. त्यांना शिक्षा झाली नाही म्हणून 'चुकीची शिक्षा' असा शब्दच लागू होत नाही, आणि माझ्या यादीतल्या एकाही आकड्यात ते नाहीत.

अपघाताच्या तक्त्याबद्दलही मत बदललं. तो तक्ता उत्पन्नावर चालतो. म्हणजे इंजिनिअरचा दिवस महाग आणि वीटभट्टीवरच्या मजुराचा स्वस्त. आत दोघांचा दिवस चोवीस तासांचाच असतो. जपानवाल्यांचं बरं, दिवसाला एक कमाल दर, मग तो कुणाचाही असो. आणि बुडालेलं उत्पन्न हवं तर त्याच्यावर वेगळं मोजा.

कोर्टबेंच | बुधवार, दुपारी १:३०

रेवतीताई, 'संशयाचा फायदा' या शब्दांबद्दल आधी. कायद्यात सुटका म्हणजे सुटका. निर्दोष असल्याचं गृहीतक आधीही होतं, नंतर तर ते पक्कंच झालं. पण तुमचा अनुभव खोटा नाही. 'सन्माननीय निर्दोष मुक्तता', म्हणजे संशयाचा फायदा न देता पुरता निर्दोष ठरवून सोडणं, हा प्रकार संहितेत कुठे नाही, तो नोकरीच्या खटल्यांतून निकालांमध्ये आला. आणि पोलीस भरतीसारख्या ठिकाणी त्याच्या आधारे उमेदवार नाकारणं कोर्टांनी चालवून घेतलं आहे. त्यामुळे तो टेबलवाला साहेब अगदी हवेतून बोलत नव्हता, हे दुर्दैव.

आता कटू गोष्ट. दुष्टाव्याने खटला भरल्याबद्दल दिवाणी दावा करता येतो. त्यात चार गोष्टी दाखवाव्या लागतात: समोरच्याने खटला भरला, तो तुमच्या बाजूने संपला, भरायला वाजवी कारण नव्हतं, आणि हेतू वाईट होता. चौथीवर बहुतेक दावे आपटतात. शिवाय मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी. आणि मुदत एक वर्ष, सुटकेच्या तारखेपासून.

रेवती_ताई | बुधवार, दुपारी १:५२

एक वर्ष? म्हणजे ऑक्टोबर २०१९ ला संपलं?

आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आमच्या वकिलांनीही नाही. त्या वर्षात तो घराबाहेर पडत नव्हता हो. संध्याकाळी पाचच्या सुमारास अंथरूण घालायचा आणि भिंतीला टेकून बसायचा, आत मोजणी करून बंद करायची वेळ तीच होती म्हणून. त्या वर्षात दावा लावायचा होता?

अडाणी_आडनाव | बुधवार, दुपारी २:०५

चार वर्षं तुम्ही घेणार, आणि त्याला मागायला एकच वर्ष. वा रे न्याय.

कोर्टबेंच | बुधवार, रात्री १०:३०

दिवसभर कोर्टात होतो, उशिरा लिहितो आहे.

ताई, दिवाणीचं दार बंद झालं, हे गोड करून सांगणार नाही. रिटला अशी ठराविक मुदत नसते. उशीर का झाला हे मात्र सांगावं लागतं, आणि इतका उशीर समजावणं सोपं नाही. पण रिटमध्ये सगळ्यात महत्त्वाचं असतं ते निकालपत्र. नुसती सुटका झालेली असेल तर उच्च न्यायालय हात लावत नाही. सत्र न्यायाधीशांनी तपासाबद्दल काही लिहून ठेवलं असेल तर गोष्ट वेगळी. त्या सहा जणांच्या खटल्यात पाच लाख मिळाले ते याच कारणाने: वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंमधून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं आणि त्यांचा तपासच झाला नाही, हे कोर्टाला कागदावर सापडलं.

तिरकस, एक तुमच्यासाठी. त्या चौघांचा माग कधी काढलाच नाही. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांनाही सोळा वर्षांनी काय मिळालं? चुकीचा माणूस आत असेपर्यंत खरा कुणी शोधत नाही.

तिरकस | बुधवार, रात्री १०:४१

हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

रेवती_ताई | गुरुवार, रात्री ९:२५

काल रात्री फाइल काढली. तो बघत होता, काही बोलला नाही. निकालपत्र ५३ पानांचं. आम्ही आजवर फक्त शेवटचं पान वाचलं होतं, सुटका असलेलं. आणि तेच सगळ्यांना दाखवत होतो.

पान ४१ वर आहे. हत्यार जप्तीच्या पंचनाम्यावर पंच नंबर दोन जो आहे त्याने उलटतपासात कबूल केलं की त्याच पोलीस ठाण्याच्या इतर केसेसमध्येही तो पंच होता, आणि या पंचनाम्यावर सही ठाण्यातच केली, जागेवर गेलोच नव्हतो. न्यायाधीशांनी पुढे लिहिलं आहे की ही जप्ती विश्वास ठेवण्यासारखी नाही आणि तपास अधिकाऱ्याने याचा खुलासा केलेला नाही. हे तुम्ही म्हणता तसं आहे का?

कोर्टबेंच | गुरुवार, रात्री ९:३१

आहे.

ते पान इथे स्कॅन करून टाकू नका, नावं आहेत. उद्या सत्र न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज द्या, त्या पंचाची पूर्ण साक्ष, उलटतपासासकट, आणि जप्तीचा पंचनामा, दोन्हीची प्रमाणित प्रत मागा. अर्ज भावाच्या नावाने, सही त्याचीच. जामीन फेटाळल्याचे तिन्ही आदेशही घ्या. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांना तिथे फुकट वकील मिळतो, आणि रिटचं प्रकरण ते उच्च न्यायालयाच्या समितीकडे पाठवू शकतात. पैसे मिळतील असं वचन देत नाही. पण सुटकेच्या आदेशाऐवजी पान ४१ पुढे करून कुणाशी तरी बोलता येईल.

हिशेबनीस | गुरुवार, रात्री ९:५०

ताई, नक्कल फी वगैरे जे काही असेल त्याच्या पावत्या जपा. आणि त्या दोन नोटा?

रेवती_ताई | गुरुवार, रात्री १०:१४

त्या त्याच पाकिटात आहेत, लाखेचे तुकडेसुद्धा. मी एकदा टाकून देऊ का विचारलं होतं तर नाही म्हणाला. आज स्वतःहून काढून निकालपत्राला टाचणी लावून ठेवल्या. पान ४१ ला.

उद्या साडेदहाला नक्कल विभाग उघडतो. तो येतो म्हणाला आहे.